सगळ्या शाखांचे वायफाय एका टेम्प्लेटवर: पैसे भरण्याआधी हे तपासा

तुमची पतसंस्था, क्लासेस किंवा दवाखाने चार गावांत असतील आणि वायफायचा पासवर्ड बदलायला दर वेळी माणूस पाठवावा लागत असेल, तर क्लाउडवरून चालणारे ॲक्सेस पॉइंट तुमच्या उपयोगाचे आहेत. सेटिंगचा एक टेम्प्लेट बनवायचा, प्रत्येक शाखा त्याला जोडायची. बदल एकदाच करायचा, तो सगळीकडे लागू होतो. मात्र व्हेंडर आधी उपकरणाची किंमत सांगतो, आणि मोठा खर्च बहुतेकदा लायसन्सचा निघतो. म्हणून कोटेशन पाच वर्षांच्या एकूण खर्चाचे मागा.

लायसन्स कुठे लागते?
सिस्को मेराकीत प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला मुदतीचे लायसन्स सक्तीचे आहे. युनिफाय आणि अरुबा इन्स्टंट ऑनमध्ये प्रत्येक ॲक्सेस पॉइंटमागे असे शुल्क नाही. पण युनिफायचे ॲक्सेस पॉइंट सांभाळणारा कंट्रोलर तुम्हालाच चालवावा लागतो, नाहीतर होस्टिंगचे दरमहा पैसे पडतात. टीपी-लिंक ओमाडात कंट्रोलरचे उपकरण एकदाच विकत घेता येते. शाखा दोन-तीनच असतील, तर आधी बिनलायसन्सचे पर्याय बघा. काहीही घ्या, पण एका बदलाने दोन शाखा बदलतात हे डेमोमध्ये तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा.

मुदत संपली तर?
मेराकीच्या को-टर्मिनेशन पद्धतीत सगळ्या लायसन्सची मुदत एकाच तारखेला संपते. त्यानंतर ३० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात रिन्युअल झाले नाही, तर वायफाय बंद पडते. नवे ॲक्सेस पॉइंट जोडले की तारीख सरकते, हेही लक्षात ठेवा. समजा, जुन्या १० ॲक्सेस पॉइंटचे एक वर्ष उरले आहे आणि तुम्ही त्याच प्रकारचे ५ नवे, ३ वर्षांच्या लायसन्ससह घेतले. एकूण २५ वर्षे १५ उपकरणांत वाटली जातात, म्हणजे सगळ्यांची मुदत १ वर्ष ८ महिन्यांवर येते. पैसे वाया जात नाहीत, पण पुढचे बिल तुमच्या अंदाजाआधी येते. नवी तारीख व्हेंडरकडून लेखी घ्या.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च
उपकरण आणि लायसन्स दोन्हींवर १८ टक्के जीएसटी: दर १०,००० रुपयांमागे १,८०० रुपये. मेराकीच्या खोक्यात साधारणपणे ॲडॅप्टर नसतो, म्हणून केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच किंवा इंजेक्टर वेगळा. केबल टाकणे आणि छताला बसवणे वेगळे. एका केबलची मर्यादा १०० मीटर आहे, अंतर त्याहून जास्त असेल तर मध्ये आणखी एक स्विच लागतो. पाहुण्यांना ओटीपीने लॉगिन द्यायचे असेल, तर एसएमएसचे पैसे आणि ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी. शिवाय व्हेंडरची वार्षिक देखभाल. टेम्प्लेटमधले बदल त्यात धरले आहेत की प्रत्येक बदलाला वेगळे बिल येणार, हे आधीच विचारा.

कोणती कागदपत्रे लागतात?
तुमचा जीएसटी क्रमांक, परचेस ऑर्डर आणि संस्थेचा ईमेल. व्हेंडरकडून घ्यायचे: तुमच्या नावाचे बिल, ऑर्डर क्रमांक, लायसन्स की, सगळे सीरियल नंबर. खाते संस्थेच्या ईमेलवरच उघडा. पूर्ण अधिकाराचे दोन ॲडमिन तुमचेच असू द्या, व्हेंडरला तिसरा करा. खाते व्हेंडरच्या नावावर राहिले, तर उद्या व्हेंडर बदलताना तुम्ही अडकाल.

जुना माल स्वस्त मिळतो, पण मेराकीचे उपकरण आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून काढल्याशिवाय तुमच्या खात्यात येत नाही. लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, सीरियल नंबर आपल्या खात्यात जोडून पाहा आणि मगच पैसे द्या.

टेम्प्लेट लावताना
शाखा टेम्प्लेटला जोडली की तिची स्वतःची बहुतेक सेटिंग जातात आणि टेम्प्लेटची येतात. म्हणून आधी जुन्या सेटिंगचे स्क्रीनशॉट काढा, एक छोटी शाखा जोडा, दोन दिवस चालवा, मग बाकीच्या. एका वायफायचा पासवर्ड टेम्प्लेटमध्ये असला, की तो सगळ्या शाखांत एकच होतो. एक कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर बदल सर्वत्र करावा लागेल. कर्मचारी आणि पाहुणे यांची नेटवर्क वेगळी ठेवा, पण नावे तीनच्या आत. जास्त नावांनी वेग कमी होतो.

वेळ किती? केबल तयार असेल, तर सेटिंग उतरायला काही मिनिटे पुरतात. पहिल्यांदा चालू करताना फर्मवेअर अपडेट होते, त्याला जास्त वेळ लागतो. अपडेट होताना ॲक्सेस पॉइंट रीस्टार्ट होतो, म्हणून त्याची वेळ रात्रीची ठेवा. टेम्प्लेटवरचे वेळापत्रक जोडलेल्या सगळ्या शाखांना लागू होते. शाखा उघडी असताना ते चालू होणार नाही, याची खात्री करा.

शेवटचा हप्ता या चार गोष्टी हातात आल्यावरच द्या: ॲडमिनचे लॉगिन, लायसन्सची संपण्याची तारीख, सीरियल नंबरची यादी आणि टेम्प्लेटमधला एक बदल तुम्ही स्वतः करून सगळ्या शाखांत पोहोचल्याचा पुरावा. लायसन्सची तारीख संस्थेच्या कॅलेंडरमध्ये तीन महिने आधीच्या आठवणीसह टाका. रिन्युअलचे कोटेशन दोन व्हेंडरांकडून मागायला तेवढा वेळ हवा.