सीपॅप मास्क लावून कुशीवर झोपताना

प्रश्न : सीपॅपचा (झोपेत दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा) मास्क लावल्यावर कुशीवर झोपता येते का? कूस बदलताच हवा सुटते.

उत्तर : कुशीवर झोपता येते, आणि बहुतेक रुग्णांना तेच हितावह ठरते. उताणे झोपल्यावर जीभ व मऊ टाळू मागे ढळून श्वासमार्ग अरुंद होतो. कुशीवर हा अडथळा कमी होतो. आम्लपित्ताचा त्रास असल्यास डावी कूस अधिक बरी.

हवा सुटण्याचे कारण बहुधा उशी असते. गाल उशीत रुतला की मास्क बाजूला सरकतो. अशा वेळी पट्टे करकचून आवळणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्याने नाकावर वळ उठतात आणि गळतीही थांबत नाही. पट्टे बसून नव्हे, तर यंत्र चालू ठेवून, नेहमीच्या कुशीवर आडवे होऊन जुळवावेत. चेहरा उशीच्या कडेबाहेर राहील असे डोके ठेवावे किंवा बाजूला खाचा असलेली सीपॅप उशी वापरावी. नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क कुशीवर सोयीचा पडतो; मात्र तोंड उघडे राहत असेल तर तो पुरत नाही.

नळी डोक्यावरून मागे नेल्यास कूस बदलताना ओढ बसत नाही. यंत्र डोक्याच्या पातळीखाली असावे, म्हणजे नळीत साचलेले पाणी चेहऱ्याकडे येत नाही. पालथे झोपणे मात्र सीपॅप मास्कसह फारसे जमत नाही. एवढे करूनही गळती राहिली, तर मास्कचा आकार किंवा प्रकार डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावा; यंत्राचा दाब स्वतःहून कमी करू नये.