‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलं की संपलं?

अक्काच्या ऑपरेशनला रक्त लागेल म्हणाले तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. उंब्रजच्या लॅबचा रिपोर्ट होता ना हातात, ओ पॉझिटिव्ह! कऱ्हाडच्या रक्तपेढीत मात्र ओची एकही पिशवी जुळेना. शेवटी तिथल्या मॅडमनी नळी उजेडात धरून दाखवली. कितीही हलवली तरी तळाचा लाल गोळा सुटेना. दात्याच्या पेशींना अक्काचा सीरम गोळा करत होता. मग त्यांनी अँटी-एच लावलं. त्यात ओच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या, अक्काच्या पेशी मोकळ्याच राहिल्या. बॉम्बे गट!

1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतून ‘लान्सेट’मध्ये मांडलेला हा गट. ए आणि बी ही प्रतिजनं पेशीच्या आवरणावर एच या प्रतिजनाच्या पायावर उभी राहतात; इथं पायाच नसतो. म्हणून अँटी-ए, अँटी-बीच्या निळ्या-पिवळ्या बाटलीतल्या थेंबाला गुठळी येत नाही आणि लॅबवाला ‘ओ’ लिहून मोकळा होतो. अशा रुग्णाच्या सीरममधलं अँटी-एच मात्र शरीराच्या उष्णतेलाही जागं असतं. ओच्या पेशींवर तर एच सगळ्यात जास्त. ते रक्त चढलं असतं तर?

जाब विचारायला गेलो तर लॅबवाले म्हणाले, “एवढ्या पैशांत काय काय करायचं? आणि ओसारखाच तर आहे गट.” सारखाच!

तेव्हा गट तपासताना ‘रिव्हर्स ग्रुपिंग केलं का?’ असं तोंडावर विचारा. रुग्णाचा सीरम ए, बी आणि ओ अशा तिन्ही पेशींवर लावलाय का, तेही बघा. ओच्या पेशी गाळल्या तर बॉम्बे गट निसटतो. क्रॉसमॅच कूम्ब्स चाचणीसह मागा, कारण काही प्रतिपिंडं आवरणाला नुसती चिकटतात, उघड गुठळी करत नाहीत. घाई असली तरी कागदावरच्या गटावर विसंबू नका. रिपोर्ट नीट जपून ठेवा, हे काय सांगायला हवं.

बॉम्बे गट निघालाच तर आधी सख्खी भावंडं तपासा. तिथं चारात एक अशी शक्यता असते. आमच्या धाकट्याचं जुळलं. जावई, मित्र, गावकरी यांना उगाच रांगेत उभं करू नका. ऑपरेशन थांबण्यासारखं असेल आणि हिमोग्लोबिन चांगलं असेल, तर रुग्णाचंच रक्त आधी काढून ठेवता येतं का, हे डॉक्टरांना विचारा.

दुरुस्त रिपोर्ट अजून मिळालेला नाही. मागितला की लॅबवाले म्हणतात, “तुमचं काम झालं ना आता?”