बॉनेटवर धुकं का धरतं?

प्रश्न : गाडीचं बॉनेट जुलैत रंगवून घेतलं. रंग काळा. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, बूथ वगैरे काही नाही. संध्याकाळी त्यात तोंड दिसत होतं. सकाळी पाहतो तर क्लिअरवर दुधाळ झाक. पेंटरने कंपाउंड मारून चमक आणून दिली, पण आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. तो म्हणतो, ‘हवेचा दोष.’ हवा रंगाला नेमकं काय करते?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमचा पेंटर खोटं बोलत नाही, पण सगळंही सांगत नाही. पावसाळ्यात कोकणात 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता ही काही नवलाची गोष्ट नाही. अशा हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला बॉनेटचा पत्रा जेमतेम तीन अंशांनी गार व्हावा लागतो. क्लिअरमधला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातला, थिनर उडताना उष्णता पत्र्यातूनच ओढून घेतो. हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं ते याचमुळे. थिनर जितका जलद उडणारा, तितका पत्रा गार. आणि काम लवकर सुकावं म्हणून पावसाळ्यात हटकून जलद थिनरच घातला जातो! खरं तर दमट हवेत सावकाश उडणारा थिनर हवा, नाहीतर सरळ काम पुढे ढकलावं.

पण ओलाव्याचं पांढुरकेपण बहुधा रंग सुकता सुकताच दिसतं. तुमचं रात्रीतून आलं आणि घासल्यावरही परत आलं. म्हणून माझा पहिला संशय आत अडकलेल्या थिनरवर आहे. बेस कोट पुरता उडायच्या आत क्लिअर चढवला, किंवा क्लिअरचे दोन जाड हात लागोपाठ मारले, की दुधावर साय धरावी तसा वरचा थर आधी धरतो. खालचा थिनर मग कित्येक दिवस त्यातून वाट काढत राहतो. तो जातो तसा थर आकसतो, आणि खालच्या लांबीवरचे, प्रायमरवरचे पेपरचे ओरखडे वर उमटू लागतात. चमक बसते ती अशी. कंपाउंडने वरवरचं निघालं, थिनर जिथल्या तिथेच राहिला. शिवाय काही पॉलिशमधलं तेल बारीक ओरखडे तात्पुरतं बुजवतं. गाडी दोनदा धुतली की ते गेलं. काळा रंग यातलं काहीच झाकत नाही. हेच पांढऱ्या गाडीवर झालं असतं तर कदाचित तुमच्या लक्षातही आलं नसतं.

हार्डनरचीही चौकशी करा. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, क्लिअरच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट क्लिअरशी जुळायला हवं. ओल मिळाली की ते पाण्याशी जुळतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं. झाकण नीट न लावलेला डबा महिनाभर शेडमध्ये पडून असेल तर शंका घ्यायला जागा आहे. हार्डनर गढूळ दिसला तर तो वापरायचा नाही, किंमत कितीही असो. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज काढतात का, हेही विचारा. ते गनमधूनच पत्र्यावर जातं.

आता घरच्या घरी एक परीक्षा. आधी बॉनेट साबणाने स्वच्छ धुऊन वाळवा. मग धुरकट जागी ओला हात फिरवा आणि तिरक्या उजेडात पाहा. पाण्याखाली धुकं नाहीसं झालं आणि वाळताच परत आलं, तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे. ओलं असतानाही ते तसंच दिसलं, तर आत. आडबाजूच्या कोपऱ्यात नख हलकेच दाबा. खूण उठली तर क्लिअर अजून कच्चा आहे आणि त्याला आज बफ लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

कच्चा असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, ऊन मिळेल तेव्हा गाडी उन्हात ठेवा. बूथ असलेल्या गॅरेजमध्ये पत्रा 60 अंशांवर अर्धा तास भाजून घेता येतो. मात्र मोजायचं ते पत्र्याचं तापमान, हवेचं नाही. क्लिअर कडक झाल्यावर दोष वरचाच असेल तर 2000 आणि 3000 नंबरचा वॉटर पेपर, मग कंपाउंड, मग बारीक पॉलिश. एवढ्यावर भागतं. पण हे वारंवार नको. क्लिअरचा सगळा थर साधारण 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंग वाचवणारं द्रव्य त्याच्यातच असतं. दर महिन्याला घासलेल्या बॉनेटचा क्लिअर काही वर्षांत सोलपटू लागतो.

दोष आत असेल तर पॉलिशने काही व्हायचं नाही. ‘वरून आणखी एक हात मारून देतो’ याला तर मुळीच हो म्हणू नका. धुकं कायमचं आत कोंडलं जाईल. 800 नंबरने तो थर उतरवायचा, बेसपर्यंत दुधाळपणा गेला असेल तर बेससुद्धा पुन्हा मारायचा, आणि दर दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडायचा. हे काम गणपतीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करून घेतलंत तरी चालेल. तोवर बॉनेटला मेण किंवा कोटिंग काही लावू नका. थिनरला बाहेर पडायला वाट हवी.