आधी कणगी, मग काटा

बापू, नोकरी सोडून वावरात उतरायचं तू ठरवलंस, ते ठरलं. आता सल्ला देणारे ढीगभर भेटतील. कृषी केंद्रवाला देईल, मोबाइल देईल, धुऱ्यावरून जाणारा-येणाराही थांबून देईल. सगळ्यांचं ऐक. पण मिरगाच्या आधी एक काम कर. घरात वर्षभर काय काय खाल्लं जातं ते कागदावर मांड. काय विकायचं ते त्यानंतर ठरव.

पाच माणसांचं, भाकर खाणारं घर धर. ज्वारी ५ क्विंटल. तूर दीड क्विंटल, म्हणजे डाळ क्विंटलभर. हरभरा एक क्विंटल. पिठलं, पातोड्या, सणावाराचं पुरण सगळं त्यात भागतं. मूग-उडीद मिळून ५० किलो. करडी २ क्विंटल, घाण्यावर तिचं पन्नासेक किलो तेल निघतं. तीळ, जवस, मिरची, धने किलोंत. पाणी असेल तर गहू दोन क्विंटल, नसेल तर शेजाऱ्याकडून घे. बरं पाऊसमान असेल तर गहू सोडून एवढ्याला दीड एकर पुरतो. तुझ्या पाच एकरांतले साडेतीन बाजारासाठी मोकळेच राहतात. तिथे सोयाबीन लाव, कपाशी लाव, मी आड येणार नाही.

तू म्हणशील, आबा, दुकानात सगळं मिळतं, मग हा खटाटोप कशाला? दिवाळीच्या तोंडावर चिखलीच्या नाहीतर मेहकरच्या मार्केट यार्डात जाऊन बघ. सोयाबीन सोंगून, मळून, पोती भरून माणसं रांगेत उभी असतात, आणि भाव पडलेला असतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात त्याच्या कितीतरी खाली सौदे झाले. तरी लोकांनी विकलं, कारण किराण्याची उधारी होती आणि घरात डाळ-तेल आणायचं होतं. ज्याची कणगी भरलेली असते तो चार महिने माल रोखू शकतो. रिकाम्या कणगीवाल्याला व्यापारी सांगेल तो भाव. त्यात गंमत अशी की आपण तेलबी विकतो आणि येताना तेलाची पिशवी विकत आणतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यात पामतेल मोठं. करडीच्या मुलखात लेकरं पामतेलात तळलेलं खातात.

हे सगळं सोयाबीनने केलं असंही समजू नकोस. बाजारासाठी पेरायची सवय आपल्या बुलढाणा जिल्ह्याला जुनी आहे. जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा १८७० मध्ये आला, तो मुख्यतः कापूस न्यायला. तेव्हापासून ज्वारीच्या तासावर कपाशीचं तास चढत आलं. आणि जुनं ते सगळं सोनं, असं मी तरी म्हणणार नाही. १९७२ चा दुष्काळ मी पाहिला आहे. रोजगाराच्या कामावर सुकडी मिळायची आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकर घशाखाली उतरत नसे. त्यानंतर संकरित ज्वारीने आमची पोटं भरली, ही गोष्ट कोणी नाकारू नये. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं, त्याच्या वाणांनीही हात दिला. बिघडलं ते पुढे. बैलं गेली तसा कडब्याचा गरजवंत गेला. रेशनवर गहू-तांदूळ आला, पोरांना पोळी गोड लागू लागली. नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं, शंभर दिवसांत हातात पैसा देऊ लागलं. २००२ नंतर बीटी कपाशीची पाकिटं आली. एकेका वर्षी एकेक पीक वावरातून उठून गेलं, आणि कोणी त्याची नोंद ठेवली नाही.

काय काय उठून गेलं ते पाहायचं असेल तर आखाजीला भेंडवळला जा. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव घटमांडणीसाठी गाजतं. आखाजीच्या संध्याकाळी वावरात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. त्या भाकितावर मी कधी पेरलं नाही, तूही पेरू नकोस. हवामान खात्याचा अंदाज बघ आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण जुंपू नकोस. पण तिथली धान्यं मोजून ये. ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस, करडी, अंबाडी, भादली, लाख... अठरा प्रकारची मांडतात. यातली किती तुझ्या शिवारात उभी दिसतात ते परत येताना बसच्या खिडकीतून बघ.

दाणा कुठून आला हे ठाऊक नसलं की काय होतं, ते शेगाव तालुक्याने नुकतंच पाहिलं. २०२४ सरता सरता बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक हातात येऊ लागले, तीन-चार दिवसांत टक्कल. अडीचशेच्या वर माणसं झाली. दिल्लीहून आयसीएमआरचं पथक आलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गावागावांत फिरून नमुने तपासले आणि पंजाब-हरियाणाकडून रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियम फार असल्याचं सांगितलं. त्यातला वाद डॉक्टरांनी मिटवावा. मी एवढंच बघतो की आधी लोकांनी पाण्याला दोष दिला, मग शांपूला. ताटातल्या गव्हाकडे बोट जायला आठवडे लागले, कारण तो कोणत्या वावरातला हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. रेशन घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. ज्याला वावर नाही त्याचं घर रेशनवरच चालतं. तुला वावर आहे.

आता ज्वारीचं नीट ऐक, कारण सगळे तिथेच थकतात. एकट्याने पेरलीस तर शिवारातली सगळी पाखरं तुझ्याच वावरात उतरतील, आणि दोन वर्षांत तू ती सोडून देशील. धुरेकऱ्यांशी बोल. पाच-सहा जणांनी लागून लागून एकेक एकर पेरा, एकाच आठवड्यात. पाखरं वाटली जातात, राखण पाळीपाळीने होते, रोही आणि रानडुकरासाठी रात्रीचं जागरणही एकट्यावर पडत नाही. तुझं वावर घाटाखाली पूर्णाकाठच्या भारी काळ्या मातीत असेल तर खरिपाच्या नादी न लागता रब्बीची दादर घे. तिच्या दाण्यावर पाऊस पडत नाही, भाकर पांढरी होते, कडबा गोड. घाटावर हलक्या-मध्यम जमिनीत खरिपाचीच घ्यावी लागेल. तिथे दाणा काळा पडण्याची भीती. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की तो पक्व झाला. मग ताटं सुकायची वाट न बघता कणसं खुडून छपराखाली आण. लोक ताट पिवळं व्हायची वाट बघतात आणि तेवढ्यात परतीचा पाऊस येतो.

ज्वारीची चार तासं आणि तुरीची दोन, असा खरिपाचा एकर पेर. कडेने अंबाडी टाक. पावसाळ्यात भाजी होते, पुढे दोरीला वाख. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला पिठलं-भाकरीबरोबर अंबाडीची भाजी करणारी घरं आता ती बाजारात शोधत फिरतात. उरलेल्या अर्ध्या एकरात मूग-उडीद. पोळ्याच्या आसपास तोडणी होते, आणि ओल टिकली तर त्याच जमिनीत करडी आणि हरभरा.

करडीला लोक काट्यांमुळे नाकं मुरडतात, पण तोच काटा तिचं कुंपण आहे. रोहीचा कळप हरभरा साफ करतो आणि करडीला सहसा तोंड लावत नाही. म्हणून हरभऱ्याच्या कडेने करडीची तासं टाक. तिची मुळी खोल जाते, एका पावसाच्या ओलीवर पीक निघतं. कोवळेपणी भाजी खुड. सोंगणी भल्या पहाटे कर, दवाने काटा नरम असतो तेव्हा.

खारपाणपट्ट्यात जमीन असेल तर बोअरचं पाणी पिकाला देऊ नकोस, कितीही मोह झाला तरी. एक-दोन वर्षं हिरवं दिसेल, मग जमीन चोपण होईल आणि तुझ्या पोराच्या वेळेपर्यंत सुधारणार नाही. तिथे शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी, नाहीतर कोरडवाहू पीक.

बियाण्याचं दोन वाक्यांत सांगतो. संकरित आणि बीटीचं बी घरी धरून चालत नाही, त्याला दरसाल दुकान आलं. बाकी बरंचसं घरी धरता येतं. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे आपलीच माणसं शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बी कंपन्यांसाठी पिकवतात, इतका हात बसलेला जिल्हा आहे हा. मग मूग-उडदाचं आणि करडीचं बी विकत का आणायचं? सोयाबीनचंही दोन-तीन वर्षं घरचं चालतं, मात्र त्याची पोती आपटायची नाहीत, थप्पी उंच लावायची नाही, साल नाजूक असते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव. ७० उगवले तर एकरी ३० किलो पेर. ६० उगवले तर ३५. त्याहून कमी असतील तर ते बी विकून टाक, पेरू नकोस.

साठवण म्हणजे अर्धं पीक. दाणा दाताखाली धरून कट् वाजला तरच कणगीत. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथरात घाल. पोती भिंतीपासून हातभर दूर, खाली फळ्या. जुनं बारदान आधी कडक उन्हात तापवून घे, निम्मी कीड त्यातूनच येते. डाळीला तेलाचा हलका हात. भादव्यात उघडीप मिळाली की सगळं एकदा बाहेर काढून ऊन दे. आणि सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात आणायच्या नाहीत. त्यांचा वायू किडीत आणि लेकरात फरक करत नाही.

पावसाळ्यातली भाजी फुकट असते हे तुझ्या पिढीला सांगावं लागतं. तरोटा, घोळ, करटुली, चिवळ. पण आता सोयाबीनमध्ये खुरपणी कमी झाली, तणनाशकाचे पंप फिरतात. फवारलेल्या धुऱ्यावरचं पान घरात आणू नकोस, आणि निदान एक धुरा बिनफवाऱ्याचा ठेव.

घरचं भरून उरेल तेवढंच विक, पण कच्चं विकू नकोस. तूर विकलीस तर तूर. डाळ केलीस तर क्विंटलामागे ७० किलोंच्या आसपास डाळ आणि वर गाईला चुनी. अकोल्याच्या विद्यापीठाने काढलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल जवळपास कोणीतरी बसवलेली असते, नसेल तर बचत गटाला सुचव. हरभऱ्याचं बेसन, ज्वारीचं पीठ, जानेवारीत दादरचा हुरडा यांना खामगावात आणि बुलढाण्यात गिऱ्हाईक आहे. शेगावला बाराही महिने माणसांचा ओघ आहे, आणि पिठलं-भाकर मागणारी माणसं आहेत. भाजीपाला-फळं २०१६ पासून राज्यात बाजार समितीच्या नियमनातून मोकळी झाली, तेव्हा ती थेट दारावर विकायला कोणी अडवत नाही.

गिऱ्हाईक धरायची जुनी रीत सांगतो. आधी वानवळा पाठव, भाव नंतर सांग. किलोभर डाळ शिजवून खाल्लेलं घर स्वतः फोन करतं. माल देताना कोणत्या हंगामाचा ते सांग. फवारलं असेल तर फवारलं म्हणून सांग. सेंद्रियचं लेबल खोटं लावणारे बाजारात पुष्कळ झाले आहेत, त्यांच्यात तुझी भर नको. हिशेबाची वही घरातल्या बाईच्या हाती दे, कारण कणगीत किती उरलं आणि आषाढापर्यंत किती लागेल हे तिलाच ठाऊक असतं. तिने नको म्हटलं की पोतं उचलायचं नाही, व्यापारी दारात उभा असला तरी.

पहिल्या वर्षी दहाच घरं धर. माल कमी पडला तर त्यांना तसं कळव, पण यार्डातून दुसऱ्याचा आणून तो घरचा म्हणून देऊ नकोस.