वेदीसमोर ठेवलेले अर्पण



प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातील शुक्रवारी दरवर्षी मिस्सामध्ये संत मत्तयच्या शुभवर्तमानातील एक उतारा (५:२०-२६) वाचला जातो. अर्पण घेऊन वेदीपाशी आल्यावर जर आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून अगोदर त्याच्याशी समेट करावा आणि मग परत येऊन अर्पण करावे, असे प्रभू येशू त्यात सांगतात. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे त्यातली अडचण आता आपल्याला जाणवत नाही.

प्रभू हे बोलले ते गालीलातल्या डोंगरावर. अर्पणाची वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात, तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. म्हणजे पायी तीन-चार दिवसांची वाट. समोर बसलेले लोक शेतकरी, कोळी, मजूर. कामधंदा बुडवून ते सणाला यरुशलेमला जात. आता तिथे पोहोचल्यावर गावातला भाऊ आठवला, तर कोकरू तिथेच ठेवून गालीलात परतायचे, समेट करायचा आणि पुन्हा यरुशलेम गाठायचे! आठवडा सहज मोडला. ऐकताना काही जण हसलेही असतील. पण प्रभूंनी सवलत दिलेली नाही. घरी गेल्यावर बघू, असे ते म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. ‘तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर’ असे प्रभू म्हणत नाहीत. ते भावाच्या मनाविषयी बोलतात. आपण उलटा हिशेब करतो. ‘माझ्या मनात काही नाही हो, मी केव्हाच माफ केले’ असे म्हणून मोकळे होतो. ज्याने बांध सरकवला त्याच्या मनात काही नसतेच. असते ते ज्याचा बांध सरकला त्याच्या मनात. म्हणून जायचे कोणी, तर ज्याचे मन शांत आहे त्याने. आणि ज्याचे दुखावले आहे त्याने? त्याच्यासाठीही त्याच शुभवर्तमानात (१८:१५) सांगितले आहे की, भावाने अपराध केला तर तूच त्याच्याकडे जा. थोडक्यात, घरी बसून वाट पाहण्याची परवानगी दोघांपैकी कोणालाच नाही.

आपल्याकडे हे सारे जमिनीपाशी येऊन अडते. जमिनीला भाव नव्हता तेव्हा भावाभावांत वाटणी अंगणात बसून होत असे. भाव आला आणि सातबारा, मोजणी, वकील आले. एका वाडीतली दोन घरे, मध्ये पत्र्याचे कुंपण, आणि रविवारी दोन्ही घरची माणसे एकाच मिस्साला; पण एक कुटुंब डावीकडच्या बाकांवर तर दुसरे उजवीकडच्या. हे चित्र कोणत्या कोवाडाचे, हे विचारायची गरज नाही.

‘भाऊ’ या शब्दात बहीणही आली, हे आम्हाला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. तरीही हक्कसोडपत्र समोर ठेवले की बहिणीने सही करायचीच, अशी रीत पडली आहे. कोणी आनंदाने सही करते. त्याबद्दल बोलणे नाही. पण कोणी माहेर तुटेल या भीतीने करते. नंतर जमीन विकली जाते, इमारत उभी राहते, आणि ती भाड्याच्या खोलीतून भाच्याच्या लग्नाला येते. ती बोलत नाही. पण वेदीपाशी आल्यावर भावाच्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा येतो की नाही?

आरंभीच्या ख्रिस्तसभेने प्रभूंचे हे शब्द अक्षरशः घेतले होते. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी उपासनेचे जे वर्णन लिहिले, त्यात प्रार्थना संपल्यावर श्रद्धावंत एकमेकांना शांतीचे चुंबन देतात आणि त्यानंतरच भाकर व प्याला पुढे आणला जातो. म्हणजे आधी समेट, मग अर्पण. सिरो-मलबार बांधवांच्या उपासनेत आणि मिलानच्या अँब्रोसियन विधीत आजही हा क्रम टिकून आहे. आपल्या रोमन विधीत शांतीचे चिन्ह ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ नंतर, ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी येते. ते अर्पणाच्या आधी न्यावे का, याचा विचार पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात झाला. शेवटी २०१४ साली व्हॅटिकनने जागा तीच ठेवली. आपल्या विधीचा क्रमही अर्थपूर्ण आहे, कारण अपराध्यांना क्षमा करण्याची प्रार्थना नुकतीच आपल्या ओठांवर असते. मात्र शेजारच्याला हसून हात जोडताना ज्याला हात जोडायला हवेत तो चार बाक मागे असतो, हेही खरे.

समेट कसा करावा हे पाहायचे असेल तर उत्पत्तीच्या पुस्तकातील अध्याय ३२ आणि ३३ घरी वाचावेत. याकोबाने फसवून मोठ्या भावाचा आशीर्वाद लाटला होता. वीस वर्षांनी तो परततो तेव्हा एसाव चारशे माणसे घेऊन समोरून येत असतो. याकोब नुसता ‘चुकलो’ म्हणत नाही. तो शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवे अशी साडेपाचशेहून अधिक जनावरे पुढे पाठवतो आणि लंगडत जाऊन सात वेळा भूमीपर्यंत वाकतो. एसाव आधी नको म्हणतो. तेव्हा याकोब ही भेट घेच म्हणून गळ घालतो, आणि मूळ हिब्रूत त्या भेटीसाठी जो शब्द आहे तो ‘आशीर्वाद’ असाच आहे. जे लाटले होते त्याच नावाने तो काहीतरी परत करतो.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण हीच आहे. प्रायश्चित्त संस्कारात पापाची क्षमा होते, पण पापाने झालेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. घेतलेले परत करावे लागते, बदनामी केली असेल तर ती पुसावी लागते. तीन प्रणाम मरिया म्हटल्याने बांध जागेवर येत नाही.

त्या दोघा भावांनी पुढे एक चूल मांडली नाही, हेही लक्षात घ्यावे. एसाव सेईरला गेला. याकोब मागून येतो म्हणाला, पण गेला सुक्कोथला. त्यांना वेगळे राहणे मानवले असावे. समेट म्हणजे पुन्हा एकत्र कुटुंब, असा अर्थ नाही. पण बाप इसहाक वारला तेव्हा दोघांनी मिळून त्याला पुरले (उत्पत्ती ३५:२९). आपल्याकडे कित्येकदा शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहूनही भाऊ एकमेकांकडे पाहत नाहीत.

आता, आपण गेलो आणि समोरच्याने दार उघडले नाही तर? संत पॉल रोमकरांना लिहितात (१२:१८) की, आपल्याकडून होईल तितके सर्वांशी शांतीने राहावे. म्हणजे दुसऱ्याच्या दाराची कडी आपल्या हाती नाही, हे त्यांना ठाऊक होते. जाऊन आलेल्याने अर्पण करावे. पुन्हा जाण्याची तयारी मात्र ठेवावी. एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल, किंवा एकदा जाऊन उपयोग झाला नसेल, तर मत्तय १८:१६ प्रमाणे एक-दोघांना सोबत न्यावे. दोन्ही घरांना मान्य असलेली वडीलधारी मंडळी प्रत्येक कोवाडात असतात. फादरांनाही विचारता येईल. फक्त हे बोलणे मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर नको, सायंकाळी सवडीने घरी बसून व्हावे, आणि जाताना बहिणीलाही बोलवावे.