स्टुटगार्टला निघालीस, तर ऐक

पुण्यात तुझ्या लेकीला ताप आला की आई येते, सासूबाई येतात, शेजारच्या काकू मऊ भात पाठवतात. तिकडे घरात तुम्ही दोघं आणि ती. तिसरं मोठं माणूस नाही. परदेशातला संसार अडतो तो बहुतेक वेळा याच जागी. आयुष्याचा मोठा भाग त्या गावात काढला, म्हणून मावशी या नात्याने हक्काने सांगते: मदतीची गरज पडण्याआधी ती जोडून ठेव.

गेल्या गेल्या दोन कामं उरका. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. किल्ल्या हातात घेतानाच तो मागून घ्या, पुढची बरीच कामं त्या नोंदणीवाचून हलत नाहीत. दुसरं काम मुलांच्या डॉक्टरचं. ‘आजारी पडली की बघू’ असं करू नकोस. तिथले बरेच दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत, चार ठिकाणी फोन करावे लागतात. लसीकरणाचं कार्ड बरोबर ने. ते बालतपासण्यांची एक पिवळी वही देतील, ती पासपोर्टाइतकी जप. रात्री-अपरात्री दुखणं उपटलं पण जिवावरचं नसेल तर 116117, जिवावरचं असेल तर 112. दोन्ही नंबर फ्रिजवर ठळक लिहून लाव.

किटा म्हणजे तिथलं पाळणाघर. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला तिथे जागेचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे, पण प्रत्यक्षात जागेसाठी वाट बघावी लागते. अर्ज आधीच करून ठेवा. जागा मिळाली तरी पहिल्या दिवशी मूल सोडून परत येता येत नाही. आधी आईने किंवा बाबाने तिथेच बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास. रुळायला काही आठवडे जातात. तेवढी रजा जावईबापूंनी राखून ठेवावी. पहिल्या हिवाळ्यात लेक सर्दी-खोकल्याने वारंवार घरी राहील. सरकारी आरोग्यविमा असेल तर मूल 12 वर्षांचं होईपर्यंत त्याच्या आजारपणासाठी पगाराचा बराचसा भाग भरून मिळणारी सुट्टी असते. 2024 पासून ती आई आणि बाबा दोघांनाही प्रत्येक मुलामागे वर्षाला 15 दिवस आहे. पुढे तू नोकरीला लागलीस तर दोघांनी ती वाटून घ्या. सगळे दिवस आईनेच घ्यायचे ही आपल्याकडची सवय तिकडे नेऊ नकोस.

आता शेजार. तिथे बहुतेक घरांचं दार बाहेरून ओढलं की बंद होतं आणि किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला खाली उतरलीस, लेक आत आणि दार लागलं, तर काय करशील? रविवारी कुलूपवाल्याला बोलावलं तर तो भरमसाट पैसे घेतो. म्हणून एक जादा किल्ली समोरच्या घरी दे. पण किल्ली देण्याइतकी ओळख आधी व्हायला हवी आणि त्या भागात ती जिन्यात होते. बऱ्याच इमारतींत जिना झाडण्या-पुसण्याची पाळी असते, ‘केरवोखं’ म्हणतात तिला. दाराला पाटी लटकलेली दिसली की तो आठवडा तुझा. पाहुणे आले, प्रवास होता, या सबबी सांगू नकोस, पाळी नीट कर. रविवारी भिंतीत ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्याही काचेसाठीच्या कुंडीत टाकायच्या नाहीत. हे पाळणाऱ्या माणसाच्या हाकेला ते लोक धावतात, हे मी खात्रीने सांगते.

स्वयंपाक आपलाच कर, लाजू नकोस. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेव. कोट आत कपाटात, कारण लोकरीत हिंग-मोहरीचा वास दिवसेंदिवस राहतो आणि ट्राममध्ये तुझ्याआधी तो पोचतो. खिडकीचा दांडा आडवा केला की ती पूर्ण उघडते, वर केला की नुसती कलते. हिवाळ्यात दिवसातून तीन-चारदा ती पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू दे. तासन्‌तास कललेली ठेवलीस तर भिंत गार पडून कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि घर सोडताना त्यावरून घरमालकाशी वाद होतात. 405 नंबरचं पीठ पोळीला घेऊ नकोस, तो आपला मैदा. श्रीखंडाला 40 टक्के स्निग्धांशाचा क्वार्क आण, तासभर फडक्यात टांगला की झालं.

आजी-आजोबांना व्हिडिओवर लेकीचं प्रदर्शन दाखवू नकोस. ‘आजीला गाणं म्हणून दाखव’ म्हटलं की मूल पळतं. ती किटातून आली की चारच्या सुमारास फोन टेबलावर उभा करून तिला खायला बसव. हिवाळ्यात तेव्हा इकडे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात वाजलेले असतात. आजी गोष्ट सांगेल, ती खाईल, तुझे हात मोकळे. घरात तिच्याशी मराठीतच बोल. जर्मन ती किटात शिकेलच. मराठी द्यायला तिथे तुम्ही दोघंच आहात.

आईबाबांना बोलवाल ते मे ते सप्टेंबर. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं, म्हाताऱ्या माणसांना घर खायला उठतं. बी.पी.-शुगरच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणायला सांगा. प्रवासविमा काढताना जुन्या दुखण्यांचं काय ते वाचून घ्या. बहुतेक विम्यांत ती धरत नाहीत.

आणि तुझ्यासाठी एक. जावईबापूंचं ऑफिस इंग्रजीत चालेल. डॉक्टर, किटा, शेजारीण यांच्याशी बोलायचं काम तुझ्यावर पडणार आणि तिथे जर्मन लागतं. ‘घर लागलं की बघू’ म्हणत वर्षं निघून गेलेल्या आपल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत, एरवी हुशार, पण दवाखान्यात नवऱ्यावाचून तोंड न उघडणाऱ्या. तिथे फोल्क्सहोखशूलं नावाची लोकशिक्षणाची शाळा असते, तिच्यात परवडणाऱ्या फीमध्ये भाषेचे वर्ग चालतात. वर्गाच्या वेळी लेकीला बाबाने सांभाळायचं, हे दोघांनी आत्ताच ठरवा आणि सामान बांधायच्या आधी नाव नोंदव.