तलावाच्या पाळीवरून मागूर व मरळ

गळाने मासे धरणे हा रिकामटेकड्याचा उद्योग होय, अशी आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत आहे. महसूल खात्यातील कारकुनी संपवून धानोऱ्यास येऊन राहिल्यावर आम्ही हाच उद्योग आरंभला. त्यात जे शिकलो त्यातील काही भाग धानाच्या बांधीच्या मालकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

प्रथम हक्काचा प्रश्न. (कारकुनाची खोड जात नाही.) मालगुजार व जमीनदार यांची सत्ता १९५० च्या कायद्याने संपली आणि १९५१ साली त्यांचे तलाव सरकारकडे आले. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तर तिची परवानगी घ्यावी. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातील माशांवरील सामूहिक हक्कही धरला आहे. धानोऱ्यालगतच्या मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावी ग्रामसभेस विचारल्यावाचून पाण्यात दोरी टाकू नये.

साहित्य थोडेच लागते. दोन-अडीच हात उंच माणसालाही पेलेल अशी हलकी, लवचिक बांबूची काठी, तिच्याच लांबीची दोरी, लहान गळ, गळाच्या वीतभर वर शिशाचा तुकडा, आणि तरंगण्यास वाळक्या बोरूचे कांडे. मागूर तळाशी चरतो व अंधारात मिशांनी भक्ष्य हुडकतो. म्हणून आमिष तळास टेकेल इतकी दोरी सोडावी आणि दिवस मावळण्याच्या सुमारास बसावे. गांडुळासारखे दुसरे आमिष नाही. कांडे दोनचार वेळा थरथरते, तेव्हा ओढण्याची घाई करू नये. ते एका बाजूस सरळ चालू लागले म्हणजे गळ गिळला असे समजावे. नवशिक्याचे निम्मे मासे पहिल्या थरथरीलाच सुटतात.

मरळाची रीत निराळी. तो पाणवनस्पतींच्या कडेस दबा धरून असतो. तेथे लहान जिवंत बेडूक पृष्ठभागावर हालता ठेवावा. तो एकदम झडप घालतो.

मागूर व शिंगी यांच्या छातीच्या परांस तीक्ष्ण काटे असतात, आणि शिंगीचा काटा विषारी असतो. ओले फडके घेऊन डोक्यामागून, काटे अंगास दाबूनच धरावे. एकदा आम्ही शिंगीस मागूर समजून मुठीत घेतले व रात्रभर हात धरून बसलो. सोसवेल इतक्या ऊन पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते, हे त्या रात्री कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. सूज वाढल्यास वा दम लागल्यास दवाखाना गाठावा.

आता मुख्य गोष्ट. आषाढात पहिले जोराचे पाणी सांडव्यावरून पडू लागले की मागूर प्रवाहाच्या उलट चढतो व उथळ बांध्यांत जाऊन अंडी घालतो. एका वर्षी आम्ही दोघा शेजाऱ्यांसह सांडव्याच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावला. पहाटे टोपलीभर मागूर मिळाले. चिरले तर बहुतेक माद्यांच्या पोटांत अंडी होती. त्या दिवशी सारी आळी जेवली. पुढील दोन वर्षे आमच्या बाजूच्या बांध्यांत मागूर क्वचितच दिसला. कारण तेवढेच होते असा आमचा दावा नाही, परंतु सापळा आम्ही पुन्हा लावला नाही.

मरळाचेही तसेच. पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका दिसला की खाली आईबाप राखणीस असतात, व पिलांजवळ आलेल्या गळावरही तुटून पडतात. धरणे फार सोपे. पण ते गेले की पिले इतर माशांच्या तोंडी लागतात. म्हणून आमचा गळ आषाढ-श्रावणात घराच्या आढ्याला टांगलेला असतो व भाद्रपदात पाणी निवळल्यावर खाली येतो.

शेततळ्यात मागूर सोडणाऱ्यांनी बी कोठून येते ते पाहावे. थाई मागूर म्हणून विकली जाणारी आफ्रिकी जात इतर मासे खाऊन माजते. तिच्या पालनास सरकारने २००० साली मनाई केली आहे. पुरात तळे फुटले तर ती थेट तलावात उतरते. गळाला ती लागली तर पुन्हा पाण्यात सोडू नये.